घरात स्वतःची खोली नाहीये, तरी लिहायचं-शिकायचंय? मग असं करून बघा

मी एमए केलं ते वॉशिंग मशीनवर. खरंच. समोरून उघडणारं मशीन, त्यामुळे वर सपाट जागा, एक वही आणि एक पुस्तक मावेल एवढी, आणि उंची अशी की उभ्याने लिहिता येतं. मशीन चालू असलं की घरातल्या सगळ्यांना वाटतं बाई कामात आहे, म्हणून कोणी हाक मारत नाही, आणि तीच बाई तेवढाच वेळ खुर्चीत वही घेऊन बसली तर ती रिकामी आहे असं धरून तीनदा तरी हाक येते. हे मला कळायला सहा महिने लागले. माझ्या त्या वेळच्या नोट्स बघितल्या तर दर दोन-तीन पानांनी शेवटच्या पाच-सहा ओळी वेड्यावाकड्या आहेत, कारण तोपर्यंत स्पिन सुरू झालेलं असायचं.

तर हे त्या अनुभवातून आणि थोडं वाचनातून आलेलं आहे. ज्यांच्याकडे दार लावता येईल अशी खोली आहे त्यांनी सरळ जाऊन लिहायला बसावं, इथे वेळ घालवू नये.

आधी खोली कशाला लागते ते बघू

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फने १९२८ च्या ऑक्टोबरात केंब्रिजमधल्या मुलींच्या दोन कॉलेजांत भाषणं दिली, त्यातून १९२९ मधे पुस्तक झालं, आणि बाईला लिहायचं असेल तर वर्षाला ५०० पौंड आणि स्वतःची खोली पाहिजे हे तिचं म्हणणं तेव्हापासून सगळीकडे फिरतंय. लोकांच्या लक्षात खोली राहते. तिने त्या दाराला कुलूपही मागितलं होतं आणि पैसेही, ते सोयीस्करपणे गळून जातं.

मला विचाराल तर खोली तीन कामं करते. एक, ती हाक अडवते. दोन, लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती पडू देत नाही. आणि तीन, अर्धवट सोडलेलं आहे तसं ठेवते, म्हणजे उघडं पुस्तक उघडंच राहतं. भिंती नसतील तर ही तिन्ही कामं वेगवेगळ्या वस्तूंकडून करून घ्यायची, बस, एवढीच आयडिया आहे. आणि ती तिन्ही एकाच ठिकाणी मिळायला पाहिजेत असंही नाही, माझी हाक मशीन अडवायचं पण वही राहायची दुसरीकडेच.

जागा शोधायची म्हणजे हाका मोजायच्या

दोन दिवस काही लिहू नका. फक्त घरात वेगवेगळ्या ठिकाणी अर्धा-अर्धा तास बसा आणि एका चिठ्ठीवर रेघा मारा, किती वेळा कोणी काही विचारलं. पलंगावर बसलात तर किती, जेवायच्या टेबलाशी किती, बाल्कनीत, जिन्यात, गाडीत. आकडे बघून तुम्हालाच धक्का बसेल. माझ्याकडे सगळ्यात निवांत दिसणारी जागा म्हणजे बेडरूमची खिडकी, आणि तिथे अर्ध्या तासात नऊ रेघा होत्या, कारण कपाट तिथेच, सगळ्यांचं सगळं तिथेच, आणि जो कपाट उघडायला येतो तो दोन शब्द बोलून जातो.

मग एक गोष्ट ठरवा, तोंड कुठे करायचं. दार बंद करता येत नसेल तर तोंड दाराकडे ठेवा. पाठ दाराकडे असली की अर्धं लक्ष कानात राहतं, कोण आलं, मागून कोण वाचतंय का, आणि मग वाक्य काही केल्या पुढे सरकत नाही. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेनचं उदाहरण सगळे देतात पण नीट बघा ते काय आहे. १८०९ मधे ती इंग्लंडमधल्या चॉटन गावात राहायला आली, लिहायची बैठकीच्या खोलीत, जिथे सगळ्यांचं येणंजाणं. तिच्या भाच्याने लिहून ठेवलंय की तिथलं एक दार करकरायचं आणि ती ते दुरुस्त करू द्यायची नाही, कारण कोणी आलं की आधी कळायचं. लिहायचीही लहान लहान कागदांवर, पटकन बाजूला सारता येतील किंवा टीपकागदाखाली झाकता येतील असे. म्हणजे त्या दाराने तिला शांतता दिली असं नाही हं, दोन सेकंद दिले फक्त. तुम्हालाही तेवढेच मिळणार असतील तर तेवढ्यांची सोय करा. हँडलला काहीतरी वाजणारं अडकवा, दाराच्या बिजागरीला तेल घालू नका, आणि लिहिताना हाताशी एक जाड फाइल ठेवा जी वर ठेवली की खालचं दिसत नाही.

आवाजाचं म्हणाल तर हेडफोन लावा, गाणी नाही लावली तरी चालेल. कानात हेडफोन दिसले की माणसं जरा विचार करून बोलतात.

वेळेबद्दल एक भांडण आहे माझं. जिला तिला सांगतात पहाटे चारला उठ, घर झोपलेलं असतं. इंग्लंडच्या कादंबरीकार ब्राँटे बहिणी वडील रात्री नऊला झोपायला गेले की जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत आपापल्या कथांवर बोलायच्या, मस्त वाटतं वाचायला. पण चारला उठायचं आणि झोपायचं बाराला असेल तर हा वेळ घरातल्या कोणी दिलेला नाही, तुमच्याच झोपेतून कापलेला आहे. महिनाभर चालतं, मग तुम्ही आजारी पडता आणि घर म्हणतं बघ, सांगत होतो. पहाटच हवी असेल तर रात्रीचं एखादं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाका आधी, मग गजर लावा.

वही कुठे ठेवायची

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण हाका आल्या तरी माणूस तुटक तुटक लिहितं, पण आपलं कोणीतरी वाचणार आहे हे मनात बसलं की खोटं लिहायला लागतं. माझी एक डायरी घरच्या कार्यक्रमात एका नातेवाइकाच्या हाती लागली आणि त्यांनी दोन पानं मोठ्याने वाचून दाखवली, गंमत म्हणून. सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर दोन वर्षं मी जे लिहिलं ते आज वाचवत नाही, इतकं गोडगोड आहे, सगळे चांगले, मी समाधानी, पाऊस छान. कोणी वाचेल तर काय म्हणेल याचा हिशोब करून लिहिलेलं.

राससुंदरी देवी बंगालमधल्या, एकोणिसाव्या शतकातल्या. बाईने वाचायला शिकणं म्हणजे पाप समजायचे तेव्हा. त्यांनी घरातल्या पोथीचं एक पान काढून स्वयंपाकघरात लपवलं आणि मुलाच्या अक्षर गिरवायच्या ताडपत्राशी ताडून बघत बघत कोणी न शिकवता वाचायला शिकल्या. पुढे १८७६ मधे त्यांचं आत्मचरित्र छापून आलं. मला त्यात ग्रेट वाटतं ते हे, की लपवायला त्यांनी स्वयंपाकघर निवडलं, म्हणजे दिवसभर जिथे असावंच लागतं तेच. लपवायची जागा तुमच्या रोजच्या वाटेवरच हवी. माळ्यावर ठेवलेली वही सुरक्षित असते पण तिच्यात लिहिलं जात नाही.

तर आता कामाचं. कागदावर लिहीत असाल तर सुंदर डायरी घेऊ नका, सुंदर डायरी उघडावीशी वाटते, सगळ्यांनाच. साधी लांब वही घ्या आणि वर 'जुनी बिलं' किंवा 'मशीन वॉरंटी' लिहा. आजवर कोणी कोणाची जुनी बिलं चाळायला बसल्याचं मी ऐकलेलं नाही. एक ड्रॉवर मागा, कुलूप असलेला, आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. ड्रॉवर मागणं खोली मागण्यापेक्षा सोपं आहे आणि घरातही त्याचा फार इश्यू होत नाही.

फोन-लॅपटॉपवर लिहीत असाल तर इथे जास्त गफलती होतात. लॅपटॉप घरात शेअर होत असेल तर तुमचा वेगळा यूजर अकाउंट करा, वेगळा पासवर्ड. नोट्सचं ॲप लॉक करा. स्क्रीन बंद असताना मेसेजचा मजकूर दिसतो तो प्रिव्ह्यू बंद करा. वहीच्या पानांचे फोटो काढायची सवय असेल तर बघा की तुमचे फोटो फॅमिलीच्या शेअर्ड अल्बममधे आपोआप जात नाहीयेत ना, हे माझ्या एका मैत्रिणीचं झालं, कवितेचं पान थेट सगळ्यांच्या समोर. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल तर हे सगळे उपाय पुरेसे नाहीत, वही घरात ठेवूच नका, ऑफिसच्या ड्रॉवरमधे किंवा भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा आणि फोनमधेही काही ठेवू नका.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची भाची सांगायची की आत्या तिला वरच्या खोलीत घेऊन गेली, नुसत्या हातानेच दाराला किल्ली फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाली, हे बघ, इथे स्वातंत्र्य. हवेतली किल्ली! १८८६ मधे ती गेल्यावर बहिणीला तिने हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या, चाळीसेक, आणि सगळ्या मिळून कविता जवळपास १८००, त्यातल्या छापून आलेल्या जेमतेम दहा. तिला खोली होती हे खरं, पण टेबल केवढं होतं तर साधारण दीड फूट बाय दीड फूट. म्हणजे वॉशिंग मशीनपेक्षा लहान.

दिवा काढून नेला तर

शिकणाऱ्यांसाठी हे. मेरी सॉमरव्हिल, पुढे गणितात नाव काढलेली, १७८० चा जन्म, स्कॉटलंड. मुलगी रात्री युक्लिड, म्हणजे भूमितीचं जुनं पुस्तक, वाचत बसते आणि मेणबत्त्या संपवते म्हणून तिची मेणबत्ती काढून घ्यायचा हुकूम झाला. तोपर्यंत तिचे युक्लिडचे पहिले सहा भाग वाचून झाले होते, मग ती रोज रात्री अंधारात पडल्या पडल्या पहिल्या भागापासून एकेक सिद्धता मनातच करायची, असं करत करत जवळजवळ सगळं तोंडपाठ झालं. तिकडे पॅरिसमधे पुढे गणितज्ञ झालेल्या सोफी जर्मँच्या घरच्यांनी तर शेकोटी आणि गरम कपडेही काढून घेतले, तरी ती गोधड्या गुंडाळून बसायची म्हणतात, दौतीतली शाई गोठेपर्यंत.

या गोष्टी ऐकून "वा काय जिद्द" म्हणायचं आणि विसरायचं असं होतं. मला त्यात मेथड दिसते. वही न उघडता शिकता येईल असा अभ्यासाचा एक हिस्सा रोज बाजूला काढायचा. सकाळी पाच मिनिटं वही बघा, एक प्रश्न किंवा एक सिद्धता किंवा एक व्याख्या डोक्यात घ्या, आणि दिवसभर हात कामात असताना तीच फिरवा. अडलं की लगेच वही बघायची नाही, अडलंय कुठे ते लक्षात ठेवायचं आणि रात्री तेवढंच बघायचं. परीक्षेत मला याचा फायदा वाचण्यापेक्षा जास्त झाला. लिहिणाऱ्यांनीही करून बघा, फोनवर रेकॉर्डिंग करा, कोणी विचारलं तर फोनवर बोलतेय म्हणायचं. आपल्या बहिणाबाई चौधरींना तर लिहायला-वाचायलाच येत नव्हतं, कामं करता करता त्या ओव्या रचायच्या, मुलाने लिहून ठेवल्या म्हणून राहिल्या, १९५१ मधे त्या गेल्या आणि १९५२ मधे पुस्तक आलं. त्यात मला एक धडधडीत सूचना दिसते की लिहून घेणारं कोणीतरी पाहिजे, नाहीतर जातं. आज ते काम फोन करतो.

आणि जागेप्रमाणे प्रकार निवडा, यात कमीपणा नाही. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्डने १९८० मधे म्हटलंय की कविता सगळ्यात कमी खर्चाची, ती दोन शिफ्टच्या मधे, हॉस्पिटलच्या पँट्रीत, ट्रेनमधे, उरलेल्या कागदावर होऊ शकते, गद्याला खोली लागते, कागद लागतात, भरपूर वेळ लागतो. कॅनडाची कथाकार अ‍ॅलिस मन्रो मुलं लहान असताना त्यांच्या झोपेच्या वेळेत लिहायची, कादंबरीला लागतो तसा सलग वेळ नाही म्हणून कथा, आणि २०१३ चं नोबेल त्या कथांनाच मिळालं. (तिचं लिहायचं टेबलही बराच काळ कपडे धुवायच्या खोलीत होतं हे मला नंतर कळलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.) तुमच्याकडे वीस-वीस मिनिटंच असतील तर वीस मिनिटांत पुरा होणारा तुकडा लिहा, एक प्रसंग, एक पत्र, एका माणसाचं वर्णन. कादंबरीच लिहायची असेल तर तीही अशा तुकड्यांनी लिहा, जोडायला पुढे कधीतरी सलग दोन दिवस मागून घ्या.

भिंतींचं एक राहिलं. रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया लहान असताना घराला वॉलपेपर कमी पडला म्हणून मुलांच्या खोलीत रद्दीतली लेक्चरची पानं चिकटवली, ती निघाली कॅल्क्युलसची. ती तासन्‌तास त्यांच्यासमोर उभी राहायची, कळत काहीच नव्हतं, पण पुढे शिकायला बसली तेव्हा शिक्षकांना आश्चर्य वाटलं की हिला हे आधीच माहीत असल्यासारखं कसं. १८७४ मधे तिला गणितात डॉक्टरेट मिळाली. म्हणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आरशाच्या कडेला, बेसिनच्या वर. आणि घरात मुलगी असेल तर तिच्या कोपऱ्यातल्या भिंतीवर काय आहे ते आज एकदा जाऊन बघा.

घरच्यांना काय सांगायचं

"मला जरा लिहायचं होतं" असं म्हणू नका. जरा आणि होतं, हे दोन शब्द ऐकले की समोरचा समजतो की हे पुढे ढकलता येतं. "सहा ते सात मी नाही" असं सांगा, कारण देऊ नका, आणि सातला बरोबर परत या. पहिल्या आठवड्यात घर तुमची परीक्षा घेतं, कात्री कुठेय, चार्जर कुठेय. उत्तर सातलाच द्यायचं. कात्री तोपर्यंत सापडलेली असते.

सॉमरव्हिलनेच लिहून ठेवलंय की पुरुष काम आहे म्हणून आपला वेळ राखू शकतो, बाईला ती सबब चालत नाही. दोनशे वर्षांत यात थोडाच फरक पडलाय. म्हणून काम म्हणता येईल असं काहीतरी त्याला जोडा. कोर्सला नाव घाला, कुठेतरी महिन्याला एक लेख द्यायचं कबूल करा, थोडे का होईना पैसे घ्या. कवितेसाठी टीव्हीचा आवाज कोणी कमी करत नाही, पेपर उद्या आहे म्हटलं की करतात. खरं सांगायचं तर मी एमएला नाव घातलं त्यात निम्मं कारण हेच होतं.

घराबाहेर जागा मिळाली तर उत्तमच, लायब्ररी, बंद ऑफिस, पार्क केलेली गाडी. अमेरिकन लेखिका माया अँजेलो तर हॉटेलची खोली भाड्याने घ्यायची, सकाळी साडेसहाच्या सुमारास जायची, भिंतीवरची चित्रंसुद्धा काढून टाकायला सांगायची. तिकडचीच लेखिका ग्लोरिया अँझल्दुआने १९८१ मधे छापून आलेल्या एका पत्रात लिहिलं की खोलीबिली विसरा, स्वयंपाकघरात लिहा, बाथरूममधे कोंडून घ्या, बसमधे लिहा. बाथरूम मीही वापरलंय, वीस मिनिटांच्या वर चालत नाही, दार वाजतंच. फक्त कोणी दिलेली जागा असेल तर अटी आधी विचारा. सतराव्या शतकातली कवयित्री सोर हुआना मेक्सिकोत शिकण्यासाठी म्हणून नन झाली, तिथे तिला पुस्तकांनी भरलेली खोली मिळाली, पण एका वरिष्ठ ननने अभ्यास बंद म्हटल्यावर तीन महिने पुस्तक हातात धरता आलं नाही.

आवरून ठेवायची पद्धत

एक मोठा ट्रे घ्या, कडा असलेला. वही, पुस्तक, पेन, चष्मा, सगळं त्याच्यातच पसरायचं, टेबलावर नाही. उठायची वेळ आली की पसारा आहे तसा ट्रे उचलायचा आणि कपाटाच्या वर किंवा पलंगाखाली सरकवायचा. आवरायला बसलात तर दहा मिनिटं जातात आणि पुन्हा मांडायला दहा, वीस मिनिटांच्या सेशनला हे परवडत नाही.

आणि उठायच्या आधी, मशीनचा स्पिन सुरू झाला असला तरी, पुढचं वाक्य काय येणार आहे ते एका चिठ्ठीवर लिहून वर ठेवा. पूर्ण नको, तीन-चार शब्द. पाहुणे येतात, कोणी आजारी पडतं, आठवडा आठवडा ट्रे बाहेर निघत नाही, आणि मग काढलात की आधी मागचं सगळं वाचत बसायचं नाही. चिठ्ठी वाचायची, ती फेकायची आणि तिथून लिहायला लागायचं. माझी सध्याची चिठ्ठी पलंगाखाली आहे, तिच्यावर लिहिलंय "मग मोठी काकू म्हणाली".